मांडवाखालची चक्कर

ही गोष्ट सांगायची मी अनेक वर्षं टाळली. खरं तर अर्धीच टाळली. दुसरी अर्धी इतक्या वेळा सांगितली की घरच्यांना पाठ झाली. डॉक्टरांच्या जेवणावळीत सांगितली, व्याह्यांकडे सांगितली, एकदा कॉलेजच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून सांगितली आणि टाळ्या घेतल्या. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. नाशिकला माझं क्लिनिक होतं, शिवाय दर बुधवारी पिंपळगाव बसवंतला ओपीडी. आता दोन्ही बंद आहे. वय झालं. तरी लोक भेटले की म्हणतात, "डॉक्टर, ती पाच मिनिटांत चक्कर घालवल्याची गोष्ट सांगा ना." आता ते ऐकलं की माझा संताप होतो. म्हणून पूर्ण लिहितो.

आधी टाळ्यांचा भाग.

रंगनाथ तात्या नाशिकच्या क्लिनिकात माझ्या तपासणीच्या कॉचवर उताणे पडले होते. डोकं कॉचच्या कडेबाहेर, किंचित खाली लोंबतं, डावीकडे वळवलेलं. ते मी दोन्ही हातांत धरलं होतं. तात्या पिंपळगावकडचे मोठे बागायतदार. एक्सपोर्टची द्राक्षं, स्वतःचं पॅकहाऊस. या घडीला मात्र त्यांनी माझा कोट मुठीत आवळला होता.

"डॉक्टर, सोडा. पडतोय मी."

"पडत नाही. कॉच जमिनीवरच आहे. डोळे मिटू नका."

"सगळं फिरतंय हो."

"फिरू द्या. माझ्या नाकाकडे बघा."

मला त्यांचे डोळे बघायचे होते. बुबुळं हलायला लागली होती. सावकाश खाली सरकायची आणि झटक्याने वर यायची, येताना किंचित गोल फिरायची. आधी जोर वाढला, मग ओसरला, मग थांबलं. मिनिटभराचा खेळ. निदान झालं.

इथे थोडं समजावून सांगतो. कान म्हटलं की लोकांना फक्त ऐकणं आठवतं. पण आतल्या कानात दोन यंत्रं शेजारी शेजारी बसवलेली आहेत, कवटीच्या हाडात, अगदी इवल्याशा जागेत. एक गोगलगायीच्या शंखासारखं. त्यात पाणी असतं आणि बारीक केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. आवाजाने पाणी हललं की तंतू वाकतात आणि मेंदूला आवाज कळतो. दुसरं यंत्र तोलाचं. त्यात तीन अर्धगोल नळ्या. खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी जशा काटकोनात मिळतात, तशा त्या एकमेकींना मिळतात. त्यांतही पाणी. मान फिरली की नळी फिरते, पाणी मागे रेंगाळतं, आणि मान कुठल्या दिशेला गेली ते मेंदूला समजतं. नळ्यांच्या बुडाशी दोन पिशव्या आहेत. त्यांत एका चिकट थरावर चुन्याचे अतिसूक्ष्म खडे बसलेले असतात. जीप सुटली, थांबली, लिफ्ट खाली गेली, हे डोळे मिटूनही कळतं ते या खड्यांच्या वजनामुळे.

कधी कधी हे खडे सुटतात. वयामुळे, डोक्याला मार लागून, बरेचदा काहीच कारण नसताना. सुटले की एखाद्या नळीत जाऊन पडतात. मग मान वर केली किंवा कूस बदलली की ते नळीत घरंगळतात आणि पाण्याला सोबत ओढतात. मेंदूला निरोप जातो की माणूस गरगर फिरतोय. डोळे सांगतात की तो पलंगावर पडलाय. दोघांचं जुळत नाही आणि चक्कर येते. खडे खाली बसले की थांबते. मान पुन्हा हलली की पुन्हा सुरू. शेजारच्या शंखाला याची गंधवार्ता नसते. ऐकू उत्तम येत असतं.

याला औषध नाही. डोकं ठरावीक क्रमाने फिरवायचं, दर वेळी थोडं थांबायचं, आणि खडे नळीतून पुढे सरकवत पिशवीत परत न्यायचे. पोकळ बांगडीतला मणी बांगडी फिरवत फिरवत भोकापर्यंत आणावा, तसं. आम्ही याला मनूव्हर म्हणतो. मी तात्यांचं डोकं उजवीकडे वळवलं. थांबलो. मग त्यांना उजव्या कुशीवर घेतलं, नाक जमिनीकडे. थांबलो. मग उठवून बसवलं. थोड्या वेळाने पुन्हा आडवं केलं. काही फिरलं नाही.

"झालं?" तात्यांनी विचारलं.

"झालं."

"गोळ्या?"

"नाहीत."

"मग फी कशाची?"

"मुंडी पिरगाळायची."

"आमच्याकडे कोंबडीची पिरगाळायचीसुद्धा फी घेत नाहीत," तात्या म्हणाले आणि मोकळं हसले. त्याआधी ते दोन ठिकाणी दाखवून आले होते, मेंदूची फिल्म काढून आले होते आणि मुलाला बागेचे व्यवहार समजावून बसले होते. माणूस मरणाच्या भीतीतून उठून बसला होता.

माझी गोष्ट नेहमी इथे संपायची. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे.

तात्या मात्र तिथे थांबले नव्हते. सदऱ्याची बटणं लावता लावता ते म्हणाले, "डॉक्टर, आमच्या मजुरांच्या टोळीत एक बाई आहे. यमुना. सुरगाण्याची. तिला अगदी हेच होतं बघा. बागेत मांडवाखाली मान वर केली की खांब धरते. तुमच्याच गोळ्या खाते ती, बुधवारच्या ओपीडीतल्या. तिचंही हेच असंल का?"

मला त्याच क्षणी कळलं की हेच आहे. बाई आठवली, तिचे शब्द आठवले, आपण काय लिहून दिलं तेही आठवलं. मी वॉश बेसिनकडे गेलो, हात धुतले आणि म्हणालो, "नाही. तिचं वेगळं आहे. मानेच्या मणक्यांचं. शिवाय अंगात रक्त कमी."

"नाहीतर उद्या गाडीत घालून इकडे पाठवतो. टोळीत तिच्याइतका चपळ हात नाही कुणाचा."

"गरज नाही, तात्या. गोळ्या चालू राहू द्या."

तात्यांना खोटं वाटायचं कारणच नव्हतं. मी नुकतंच त्यांचं जग थांबवून दाखवलं होतं.

यमुनाबाई त्याआधी माझ्याकडे येऊन गेली होती, विरळणीच्या दिवसांत. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी बारीक कात्रीने काढून टाकणं, म्हणजे उरलेले मोठे होतात. आमच्याकडे द्राक्षवेल डोक्यावरच्या तारांच्या मांडवावर पसरलेली असते आणि घड खाली लोंबतात. विरळणी करणारी बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत मान वर करून उभी असते. त्या दिवसांत सुरगाणा, पेठ भागातून जीप भरून टोळ्या येतात, बागेतच मुक्काम करतात. हे पिंपळगावात शाळकरी पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं.

माझी ओपीडी एका मेडिकलच्या मागच्या खोलीत चालायची. खोली मेडिकलवाल्या शेठची, भाडं नाही. भाडं का नाही हे मी स्वतःला कधी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. शेठ एकदा हसत हसत म्हणाले होते, "डॉक्टर, पेशंट रिकाम्या हाताने गेला तर त्याला बरं वाटत नाही." मी हसलो होतो. बाहेर बाकावर आणि बाकाखाली माणसं बसलेली असायची. सुनंदा सिस्टर नावं पुकारायच्या आणि मी मान न उचलता विचारायचो.

"काय होतंय?"

"चक्कर येते."

"कधी?"

"वर बघितलं का. घडाकडं बघितलं का मांडव फिरतो. ह्या अंगावर निजलं तरी फिरतो." तिने डावा खांदा दाखवला.

"किती वेळ?"

"जरा वेळ. मंग नाय. मंग लगेच काम करत्ये."

यात सगळं आलं. कान-नाक-घशाच्या परीक्षेत असा प्रश्न आला असता तर विद्यार्थ्याने दोन ओळी वाचूनच उत्तर लिहिलं असतं. मी तिचे कान बघितले. पडदे साफ. ट्यूनिंग फोर्क वाजवून कानाशी धरला. ऐकू येत होतं. मी म्हणालो, "कान चांगले आहेत." आयुष्यभर जे लोकांना शिकवलं, की ऐकण्याचं यंत्र वेगळं आणि तोलाचं वेगळं, ते मी स्वतः त्या खोलीत विसरलो. विसरलो हाही सोयीचा शब्द झाला. तिला कॉचवर घ्यायला लागलं असतं. सिस्टरना बोलवायला लागलं असतं. तिला उलटी झाली असती, ती पुसायला लागली असती. बाहेरची रांग थांबली असती. मी खालच्या पापण्या ओढून बघितल्या, फिकट होत्या. डोंगरातली मजूर बाई, उपाशी राहत असेल, मिश्री लावत असेल, अंगात रक्त नसेल, मान अवघडत असेल. निदान तिच्या तोंडून ऐकून नव्हे, तिचं लुगडं बघून केलं.

चक्करची गोळी लिहिली, दिवसातून तीन वेळा. रक्तवाढीची गोळी लिहिली. मानेचा पट्टा लिहिला. हे सगळं पुढच्या दुकानात मिळत होतं.

पट्टा बघून ती म्हणाली, "हा बांधला तर घड कसा दिसंल?"

"मग थोडे दिवस वर बघू नका."

विरळणी करणाऱ्या बाईला मी हे सांगितलं. आणि वर हसलो. ती नाही हसली. तिने विचारलं, "गोळ्या किती दिस?"

"चालू ठेवा. बंद करू नका."

डॉक्टर लोक याला नंतर छान छान नावं देतात. गर्दी होती म्हणतात. अशिक्षित पेशंटला मनूव्हर जमत नाही म्हणतात. हे वाक्य मी वरिष्ठांच्या तोंडून ऐकलं आहे आणि स्वतःही बोललो आहे. जमायचं काय त्यात? डोकं डॉक्टरने धरायचं असतं. पेशंटने फक्त पडून राहायचं असतं. तात्या माझा कोट फाडायला निघाले होते, तरी त्यांना जमलं. तात्यांना वेळ दिला कारण ते अपॉइंटमेंट घेऊन आले होते आणि त्यांच्या ओळखीची निम्मी पंचक्रोशी उद्या माझ्याकडे येणार होती.

पण पहिल्या दिवसाची चूक एक वेळ माफ होईल. गर्दीत चुका होतात. तात्यांनी विचारलं तेव्हा गर्दी नव्हती. एसी चालू होता, बाहेर कुणी थांबलं नव्हतं, आणि तो माणूस त्या बाईला स्वतःच्या गाडीतून आणायला तयार होता. मला एवढंच म्हणायचं होतं, "पाठवा. माझं बघायचं राहिलं." एवढ्यानं माझं काय गेलं असतं? तात्यांच्या डोळ्यांत नुकताच जो मोठेपणा मिळाला होता, तो थोडा कमी झाला असता. तेवढा वाचवण्यासाठी मी तिला त्या गोळ्यांवर सोडून दिलं.

आता त्या गोळीबद्दल. ती वाईट नाही. आतल्या कानाला सूज आली, घर गरगरतंय, उलट्या थांबत नाहीत, अशा वेळी दोन-चार दिवस ती मोठा आधार असते. कानाकडून मेंदूकडे जाणारा गोंधळ ती दाबते. पण दाबते म्हणजे बरं करत नाही. खडे नळीतच राहतात. उलट मेंदू हळूहळू स्वतःला सावरायला शिकत असतो, ते शिकणंही ती लांबवते. आणि या जातीच्या काही गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूतलं एक रसायन अडवतात. मग अंग ताठरतं, चेहरा दगडासारखा होतो, हात थरथरतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कंपवात झाला. हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मला तोंडपाठ होतं.

पुढच्या हंगामात टोळ्या आल्या आणि एका बुधवारी सिस्टरनी नाव पुकारलं. यमुना भोये. मी मान वर केली, तेव्हा कुठली तरी म्हातारी आत येतेय असं वाटलं. ती पावलं उचलत नव्हती, घासत होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. उजवा हात पोटाशी धरलेला आणि त्या हाताची बोटं, जणू नसलेला मणी चोळत असावीत, तशी हलत होती. सोबत तिचा दीर काशिनाथ, टोळीचा मुकादम.

"डॉक्टर, हिचं काय खरं नाय," काशिनाथ म्हणाला. "भगताकडं नेली, कोंबडा दिला. मंग तिकडं एका डॉक्टरनं कंपवात सांगितला. कात्री धरली का घडच कापून टाकते. मालक काय बोलत नाय, पन बाकीच्या बाया बोलत्यात. हिच्या वळीचं काम त्यांनी किती दिस वढायचं?"

मालक म्हणजे तात्या.

"चक्कर?" मी विचारलं.

"ती हायच," यमुनाबाई म्हणाली. आवाज खोल गेला होता. "पन आता पयल्यासारखी पडत नाय. आता हळूच चालत्ये."

"काय औषध चालू आहे?"

तिने पदराची गाठ सोडायला घेतली. बोटांना सुटेना. काशिनाथने सोडून दिली. आत तीच गोळी. अर्धी संपलेली पट्टी.

"अजून घेता?"

"तीन टाइम. इथून येनाऱ्या जीपवाल्याला सांगत्ये, तो आनतो. तुमीच सांगितलं व्हतं, बंद करू नका."

एवढं पथ्य माझ्या कुठल्याही शिकलेल्या पेशंटने पाळलं नाही.

मी सिस्टरना दार लावायला सांगितलं. बाहेर कुणीतरी कुरकुरलं. यमुनाबाईला कॉचवर बसवलं, मान डावीकडे वळवली, मागे झोपवलं, डोकं हातात धरलं. तिने कोट धरला नाही. दोन्ही हात छातीवर ठेवून पडून राहिली, फक्त दात आवळले. डोळे फिरायला लागले. तात्यांचे फिरले होते तसेच, त्याच दिशेला. गोळीमुळे जरा मंद, इतकंच. मी मनूव्हर केलं. एकदा केलं, थोड्या वेळाने पुन्हा केलं. मग उठवून बसवलं आणि म्हणालो, "आता वर बघा."

तिला धीर होईना. काशिनाथ म्हणाला, "बघ की वयनी, डॉक्टर हाय ना इथं."

तिने भिंत धरली आणि मान हळूहळू वर केली. वर पत्रा होता आणि जुनाट पंखा. बराच वेळ ती बघत राहिली.

"नाय फिरत," ती म्हणाली.

काशिनाथने हात जोडले. "देवमानूस हाय तुमी. वरीस झालं, एवढं फिरलो, कुनाला कळलं नाय." यमुनाबाई कॉचवरून उतरली आणि कशीबशी वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

"गोळ्या आजपासून बंद," मी म्हणालो. "कंप हळूहळू जाईल. वेळ लागेल."

"पन डॉक्टर," काशिनाथने साधं विचारलं, "हा कंप आला कशानं?"

विचारलं होतं त्याने. थेट, तोंडावर. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

ते गेल्यावर सुनंदा सिस्टर चादर बदलत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सर, त्या गोळ्या आपल्याच होत्या ना?"

"सिस्टर, पुढचा पेशंट घ्या."

"पुढचा पण चक्करचाच आहे. झोपवू की गोळी?"

मी म्हणालो, झोपवा. त्या दिवसापासून चक्करचा प्रत्येक पेशंट मी आडवा केला. शेठचा चेहरा पडला, पुढे त्यांनी खोलीचं भाडं मागायला सुरुवात केली, मी ते दिलं. माझ्या नावावर गोळ्या खाणारे आणखी किती निघाले ते सांगत नाही. निघाले. प्रत्येकाच्या गोळ्या मी गुपचूप बंद केल्या आणि प्रत्येकाने आभार मानले.

यमुनाबाईचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण माझ्या गोष्टीत ती कुठेच नसते. चक्कर गेली ती परत आली नाही. चेहरा सैल झाला, चाल सुधारली. कंपही बराच गेला. अशा गोळ्यांनी आलेला कंप बहुतेकांचा पूर्ण जातो. तिच्या उजव्या हाताचा थोडा राहिला. तुमच्या-माझ्या हाताला तेवढा असता तर काही बिघडलं नसतं. चहाचा कप धरता येतो, सही करता येते. पण विरळणीत घडाच्या आत कात्रीचं टोक घालून एक मणी काढायचा असतो, शेजारच्याला ओरखडा न पाडता. ओरखडा पडला की मणी सडतो, घड एक्सपोर्टमधून बाद. टोळी ओळीवर काम घेते. एकीचा हात मंद झाला की तिचा भार दुसऱ्यांवर. काशिनाथ वाईट माणूस नाही, पण त्याला टोळी चालवायची होती. त्याने वहिनीला भाकऱ्या करायला ठेवलं. टोळीत तिच्या जागी तिची सून आली. जिच्या हाताची तात्या तारीफ करायचे, ती बाई मांडवाबाहेर तीन दगडांच्या चुलीपाशी बसली.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच. कूस बदलताना, मान वर करताना, खाली वाकताना गरगरलं आणि मिनिटभरात थांबलं, तर डॉक्टरला सांगा की मला आडवं करून माझे डोळे बघा. त्याने न बघता गोळी लिहिली तर विचारा, किती दिवस. "चालू ठेवा" हे उत्तर नाही. बोलताना जीभ अडखळली, एका अंगातली ताकद गेली, एकाचे दोन दिसायला लागले, तर मात्र ती चक्कर वेगळी, तिथे वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात जा. आणि डॉक्टर फार नावाजलेला असेल तर जास्तच विचारा. नावाजलेल्या माणसाला चूक कबूल करायला जड जातं.

माफी मागायचा प्रयत्न मी एकदा केला. पुढच्या एका हंगामात तात्यांनी काढणी संपत आल्यावर बागेत जेवायला बोलावलं होतं. एरवी मी अशी बोलावणी टाळायचो. या वेळी गेलो, कारण काशिनाथची टोळी तिथेच उतरली होती. पाहुणे पॅकहाऊसच्या सावलीत खुर्च्या टाकून बसले होते. मी हात धुवायला म्हणून उठलो आणि मागे गेलो.

यमुनाबाई चुलीपुढे होती. परातीत पीठ मळून ठेवलेलं. भाकरी थापताना उजव्या हाताची बोटं एकदा चुकायची, मग ती तो हात मांडीवर दाबून धरायची आणि पुन्हा थापायला घ्यायची. मला बघून उठायला लागली. मी म्हणालो, "बसा, बसा." मीही शेजारच्या क्रेटवर बसलो.

"कशी आहे तब्येत?"

"बरी हाय. चक्कर नाय."

"आणि हात?"

तिने हात पुढे करून बघितला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. "ह्यो असाच राह्यला. चालतो. भाकर व्हते."

"यमुनाबाई, त्या गोळ्या," मी म्हणालो.

"त्या कवाच टाकल्या. तुमी सांगितल्या त्याच दिशी." ती उत्साहाने बोलायला लागली. "आता कोना बाईला चक्कर आली ना, मी सांगत्ये तिला. म्हनत्ये गोळी खाऊ नको, आमच्या डॉक्टरकडं जा, तो मुंडी फिरवून नीट करतो. ह्या टोळीतल्या दोघी आल्या व्हत्या तुमच्याकडं. माज्याच सांगन्यावरून."

त्या दोघी आल्या होत्या. कुणी पाठवलं, हे मी त्यांना विचारलं नव्हतं.

"ते ठीक आहे," मी म्हणालो. "पण मी तुम्हाला सांगत होतो की त्या गोळ्या..."

"डॉक्टर, इकडे या," पॅकहाऊसकडून तात्यांनी हाक मारली. "पाव्हणे म्हणतात, ती मुंडी पिरगाळायची गोष्ट तुमच्याच तोंडून ऐकायचीय."

यमुनाबाईनेही ते ऐकलं. हसली. चेहरा आता पुरता हसत होता. "जा, बोलवत्यात तुमाला. चा टाकत्ये तवर. तिकडंच आनून देत्ये."

माझी वाक्यं ठरलेली होती. घरून निघताना गाडीत म्हणून बघितली होती. यमुनाबाई, तुमचा हात माझ्या गोळ्यांनी गेला. तुमचं दुखणं मला पहिल्याच दिवशी ओळखता आलं असतं, मी बघितलं नाही. नंतर ओळखलं तेव्हा तात्यांशी खोटं बोललो, आणि तुमच्या दिराने विचारलं तेव्हा त्याच्याशीही. मला माफ करा असं म्हणायचा हक्क मला नाही, पण हे तुम्हाला माहीत असायला हवं.

मी क्रेटवरून उठलो आणि म्हणालो, "साखर कमी घाला."